मामाजींचे पाच चाकू

चाकू म्हणजे चाकू, त्यात पाहायचं काय एवढं, असं म्हणणाऱ्या माणसाच्या पंगतीला माझे सासरे बसत नसत. हे वाक्य मी त्यांच्याच ओसरीवर, त्यांचीच मुलगी पाहायला गेलो असताना म्हणून बसलो होतो. तरीही मुलगी मिळाली. त्याचं सगळं श्रेय सासूबाईंना.

आमच्या वऱ्हाडात सासऱ्याला मामाजी म्हणतात. आम्ही घाटाखालचे, खामगावचे. ते घाटावरचे, बीबी गावाच्या बाजूचे. मी शाळेत कारकून आहे, पण माझ्या बिचाऱ्या वडिलांनी 'शाळेत आहे' एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे तिकडे सगळे मला मास्तर समजून बोलत होते. पोहे झाले, चहा झाला, हवापाणी झालं. मुलगी आत जाऊन बसली. तेवढ्यात मामाजी उठले आणि खाकी कापडाची एक गुंडाळी घेऊन आले. मला वाटलं, पत्रिका आणली. त्यांनी सतरंजीवर गुंडाळी सोडली तर आतून पाच घडीचे चाकू निघाले. माझी आई पदर सावरत भिंतीपर्यंत मागे सरकली.

"घाबरू नका, विहीनबाई," मामाजी म्हणाले. "शिकारीचे चाकू हायेत, पन म्या आजवर उंदीरही मारला नाई."

मग त्यांनी पाचही चाकू उघडून एका रांगेत ठेवले आणि मला विचारलं, "सांगा मास्तर, याच्यातला चांगला कोनता?"

"सगळे सारखेच," मी म्हणालो. "चाकू म्हणजे चाकू." आणि मामाजींचा चेहरा बघून घाईघाईने सगळ्यात चकचकीत चाकूवर बोट ठेवलं. "हा घ्या."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या वडिलांकडे पाहिलं. "पोरगा शिकलेला हाय म्हनले होते ना तुमी?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "पोरगी दाखवाले बोलावलं का चाकू? आवरा ते."

पण मामाजी एकदा सुरू झाले की आवरत नसत. त्यांनी एक पेरू घेतला आणि त्याची एकेक फोड एकेका चाकूने कापली. पाचही फोडी मला खायला लावल्या. "हा चाळीसचा पेरू. आता हा साठचा. हा सत्तरचा. फरक कळून राह्यला का?" मला कळत एवढंच होतं की पेरूच्या बिया दातात अडकल्या आहेत आणि दाराआडून कुणीतरी हसतंय. जी हसत होती तिच्याशीच पुढे माझं लग्न झालं, आणि ती अजूनही हसते.

चाळीसचा म्हणजे चाळीस सालच्या आसपासचा. तो त्यांच्या वडिलांचा. शिकारीला बंदी नव्हती तेव्हा ते घाटातल्या जंगलात जात, आणि तो चाकू कुणा जंगलखात्याच्या साहेबाने त्यांना दिला होता की त्यांनी साहेबाकडून ढापला होता, यावर घरात दोन मतं होती. विलायती चाकू. हाडाची मूठ, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, आणि पातं काळंनिळं, जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखं. पात्यावर नख अडकवायला बारीक खाच. त्या खाचेत नख घालून ते पातं बाहेर काढत तेव्हा नातवाला झोपेतून उठवल्यासारखं हळू काढत. साठचा त्यांनी खामगावच्या एका कापसाच्या दलालाच्या घरून आणला होता. तो शिसवी मुठीचा होता, आणि पातं उघडलं की पाठीमागचा खटका असा बसायचा की पातं हलायची टाप नाही. हे दोन सोडले तर बाकीचे तीन त्यांनी रागाने विकत घेतले होते.

हो, रागाने. लोक आवडलं म्हणून वस्तू घेतात. मामाजी संताप आला की घ्यायचे. सत्तरचा मेहकरच्या बाजारात दिसला. त्याची मूठ पितळेची, वर मासोळी कोरलेली, आवाज मोठा आणि पोलाद कच्चं. "शिकार बंद झाली," मामाजी म्हणायचे, "अन् शिकारीचे चाकू वाढले. काऊन? तं लोकाइले कापायचं नव्हतं, दाखवायचं होतं." ऐंशीच्याचं पातं न गंजणारं होतं, मूठ मात्र प्लास्टिकची, हाडासारखी रंगवलेली. या मुठीवर ते जेवण सोडून बोलत. लग्नानंतर जरा धीर आल्यावर मी एकदा म्हणालो, "मामाजी, तुमच्या चाळीसच्याचं हाडसुद्धा शिंगासारखं दिसावं म्हणून कोरलेलंच आहे की."

"हाडानं सोंग घेतलं तरी ते हाड असते, बापू!" ते इतक्या जोरात म्हणाले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

आणि नव्वदचा, म्हणजे मी ज्याच्यावर बोट ठेवलं तो. त्याला कात्री होती, कानस होती, झाकण काढायचा आकडा होता, होकायंत्रसुद्धा होतं. सुतळी सोडली तर तो काहीही करायला तयार होता. सुतळी कापायला घेतली की त्याचं पातं बोटावर मिटायचं.

मामाजींच्या दृष्टीने हा एक खटला होता. आरोपी कोण, ते दिवसागणिक बदलायचं. कधी कारखानदार, कधी सरकार, कधी आम्ही जावईमंडळी. पण पुरावा कायम तोच, पाच चाकू. "एकटा चाकू काय सांगते? काईच नाई," ते म्हणायचे. "पाची एका रांगेत ठेवा. मंग दिसते, कुठं कुठं फसवलं आपल्याले." म्हणून ते चाकू कधी वेगळे ठेवत नसत. एकच गुंडाळी, एकच पेटी. शिलाई मशीनचं तेल, जुन्या धोतराची चिंधी. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं, विळे, वखराची पास, कुऱ्हाड पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं जाई, पण या पाचांवर ओलं कुंकू टाकायची कुणाला परवानगी नव्हती, कारण ओल लागली की पोलाद गंजतं. त्यांना फक्त कोरडं फूल. सासूबाई पुटपुटायच्या, "देवाले पानी चालते, यायच्या चाकूले चालत नाई." हाडाची मूठ असलेला चाकू मात्र त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. जिंकायचं तिथे त्या जिंकायच्या.

आमच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला केकच्या डब्यात एक पांढरा प्लास्टिकचा चाकू फुकट आला होता. मामाजींनी तो उचलून दिव्यासमोर धरला. पाहुणे टाळ्या वाजवायला हात उचलून थांबले होते.

"याले चाकू म्हनते?"

"केकचा आहे, बाबा," माझी बायको म्हणाली. "पोरगं रडून राह्यलं, कापू द्या."

"याच्यानं हवा कापल्या जात नाई!" असं म्हणून त्यांनी सोबत आणलेली गुंडाळी सोडली आणि साठचा काढला. केक अर्थातच सुरेख कापला गेला. फोटोत मात्र एक वर्षाचा मुलगा, गुलाबी केक आणि त्यावर रोखलेला शिकारीचा चाकू असं आलं, आणि तो फोटो आम्ही कुणाला दाखवत नाही.

मेहकरचे एक म्हातारे शिकारी त्यांना चिडवायचे, "ससा नाई मारला अन् चाकू पाहा याचे!" त्यावर मामाजी म्हणायचे, "शिकार करनाऱ्याले चाकू पाहाले टाइम कुठं असते?" ते उत्तर मला अजूनही बिनतोड वाटतं.

सासूबाई गेल्या आणि दोन वर्षांनी मामाजींनी स्वतःहून वाटण्या काढल्या. थोरला मुलगा गावी शेती करतो, धाकटा बंगळूरला संगणकाच्या नोकरीत आणि मधली माझी बायको. वाटणी करायला त्यांचे एक चुलतभाऊ आले. त्या भागात कुठलीही वाटणी त्यांच्याशिवाय होत नाही. त्यांचं एकच तत्त्व होतं, आणि ते त्यांनी बसल्याबसल्या सांगितलं, "सामाईक म्हनून काईच ठेवू नका. आमी विहीर सामाईक ठेवली, तं आज भाऊ भावाच्या मयतीले येत नाई."

शेताचे हिस्से झाले. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. आंब्याचं एक झाड होतं, त्याच्या फांद्यासुद्धा ठरल्या. मामाजी सगळ्याला हो म्हणत गेले. इतकं शांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "एकच म्हननं हाय माहं. हे पाच चाकू तोडू नका. कोनाजवळही ठेवा, पन एका जागी ठेवा."

"आमाले नको, दादाजवळ राहू द्या," माझी बायको लगेच म्हणाली. थोरला म्हणाला, "माह्याजवळ राह्यले तं राह्यले." झालं होतं काम. मी मनातल्या मनात चहाची वाट पाहू लागलो.

आणि धाकटा म्हणाला, "बाबा, मला शेती नको, घर नको, काही नको. फक्त आठवण म्हणून यातला एक द्या. आजोबांचा."

 ज्याने सगळं सोडलं त्याला चाकू नाही म्हणायचं?

"आठवन पायजे तं पाची घेऊन जाय," मामाजी म्हणाले.

"पाच कशाला, बाबा? फ्लॅटमधे ठेवू कुठे?"

"पाच चाकू! फ्लॅटमंधी पाच चाकू मावत नाई?"

चुलतभाऊ मधे पडले. वाटणीचा माणूस तो, त्याला रिकामी जागा दिसली की तो हिस्सा पाडणारच. "एकाले एक दिला तं मंग बाकीच्याइलेही द्या लागन. तुमचा चाळीसचा म्हंजे दोनाच्या बरोबरीचा. तो धाकट्याले. उरले चार, ते दोन-दोन."

"चाळीसच्याची बरोबरी नव्वदच्यासंग लावता?" मामाजी उभे राहिले. "दोन काय, दोनशे नव्वदचे आना!"

पण वाटणी झाली. मी मधे काही बोललो नाही. जावयाने वाटणीत बोलू नये असा आमच्याकडे रिवाज आहे, आणि एरवी एकही रिवाज न पाळणारा मी नेमका त्या दिवशी तो पाळत होतो.

थोरल्याच्या वाट्याला साठचा आणि सत्तरचा आले. सत्तरच्याने दुसऱ्याच दिवशी त्याने मोटारपंपाची वायर सोलली. आमच्याकडे ऐंशीचा आणि नव्वदचा. घरी परतल्यावर नव्वदच्याने माझी बायको घरपोच येणाऱ्या खोक्यांच्या चिकटपट्ट्या कापू लागली, आणि मी त्या वेळी दुसऱ्या खोलीत जायचो. वाटणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा चाळीसचा घेऊन संभाजीनगरला गेला. तिथून त्याचं विमान होतं. दुपारी त्याचा फोन आला. आम्ही अजून मामाजींकडेच होतो, फोन मीच उचलला.

"भाऊजी, तो चाकू काढून घेतला त्यांनी."

"कुणी?"

"तपासणीत. बॅगेत दिसला मशिनमधे. चालत नाही म्हणाले. पेटीत टाकला."

"कसल्या पेटीत?"

"तिथे एक पेटी असते. बाबांना तुम्ही सांगा ना."

मी सांगितलं. ऐकताना मामाजींचा चेहरा मला पाहवला नसता, म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी टोपी घातली. "गाडी काढा, बापू."

माझी गाडी जुनी आहे. चढावर ती माझ्यासारखीच दम खाते. पण त्या दिवशी ती मामाजींच्या रागावरच चालली असावी.  विमानतळाच्या दारावर बंदूक घेतलेला जवान उभा होता. तो म्हणाला, "बाबा, टिकट दिखाइए."

"टिकट नहीं है," मामाजी खणखणीत आवाजात म्हणाले. "मेरा चाकू अंदर है."

आजूबाजूची सगळी माणसं आमच्याकडे वळली. जवानाचा हात बंदुकीवर गेला. माझे दोन्ही हात आपोआप वर गेले आणि मी "नहीं नहीं, पुराना चाकू, पुराना!" असं काहीतरी ओरडलो, ज्याने परिस्थिती सुधारली नाही. मग एक अधिकारी आले, मराठी बोलणारे, सभ्य. त्यांनी म्हाताऱ्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"आजोबा, काढून घेतलेल्या वस्तू परत मिळत नाहीत. नंतर त्यांची विल्हेवाट लागते."

"रोज जमतेत का चाकू?"

"रोज. कात्र्या, चाकू, नेलकटर, सगळं."

मामाजी थोडं पुढे सरकले. "मंग एक डाव पाहाले तं भेटन? घेऊन जात नाई. नुस्ते पाहातो. कोन्या कोन्या सालचे हायेत ते."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या जोड्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही.

परत येताना जालना मागे पडलं आणि मामाजी एकदम म्हणाले, "त्या मानसानं त्याचं काम केलं. बंदूकवाल्यानं त्याचं केलं. मशिननं मशिनचं केलं. माह्या पोरानं काय केलं?"

मी म्हणालो, "त्याला तरी काय माहीत होतं, मामाजी."

"शिकलेला हाय म्हनते ना?" ते म्हणाले. वाक्य माझ्या ओळखीचं होतं, म्हणून मी उगाच गिअर बदलला.

माझ्या बायकोचा राग उशिरा येतो पण जोराचा येतो. त्या आठवड्यात ती आमचे दोन चाकू आणि मला घेऊन माहेरी गेली, थोरल्याकडून त्याचे दोन काढून घेतले आणि चारही बापासमोर ठेवले. "घ्या बाबा, तुमचे तुमाले. कोनाचा हिस्सा नको अन् कोनाची वाटनी नको." मामाजींनी चारही उघडून सतरंजीवर मांडले. चाळीसच्याची जागा मोकळी सोडली. बराच वेळ पाहत राहिले.

"आता साठचाच सगळ्यात जुना," ते म्हणाले. "साठच्यापासून मोजलं तं एवढं काई बिघडलेलं दिसत नाई. पाह्य ना. फसवल्यासारखं दिसतच नाई." एवढं म्हणून त्यांनी ते मिटले. त्यांचा खटला तिथे पडला होता. जन्मभर ज्या माणसाने अख्ख्या जगाला ओसरीवर उभं केलं, त्याचा पहिला साक्षीदारच पेटीत गेला होता, आणि उरलेले चारजण चार भले चाकू दिसत होते. मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो. धाकट्याला फोन करून खूप बोलायचं ठरवलं. फोन केला आणि विचारलं, "जेवण झालं का?" माझी मजल तेवढीच.

दिवाळीत धाकटा आला. त्याला मनातून लागलं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. त्याने बापासाठी नवा चाकू आणला होता, काळ्या डब्यात, मखमलीवर. परदेशी बनावटीचा. मूठ लाकडाची, खऱ्या लाकडाची. आम्ही सगळे ओसरीवर बसलो होतो. मामाजींनी डबा उघडला, चाकू हातात घेतला, वजन पाहिलं, उघडला, खटका दाबून पाहिला, मिटला, पुन्हा उघडला.  त्यांनी अंगठ्यावर धार आडवी फिरवून पाहिली.

"चांगला हाय," ते म्हणाले.

थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बायकोने डोळ्याला पदर लावला. धाकट्याच्या चेहऱ्यावर तर दिवाळीच आली. "आवडला ना, बाबा? मुद्दाम शोधून घेतला. जुन्या पद्धतीचंच पोलाद आहे, गंजणारं."

"तिकून आनला का इथूनच मागवला?"

"तिकूनच. सोबत आणला."

"कशानं आला तू?"

"विमानानं."

मामाजींनी चाकू मिटला. "मंग हा नाई घेतला त्यायनं?"

"नाही, हा मोठ्या बॅगेत टाकला. सामानात दिली ती बॅग. सामानात चालतो."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. आमच्याही आलं.

"म्हंजे तोही चालला असता," मामाजी म्हणाले.

"हो... म्हणजे, तेव्हा माझ्याकडे छोटीच बॅग होती, बाबा. तो तपासणीवाला म्हणाला होता, मागे जाऊन सामानात देऊन या. अजून वेळ आहे म्हणाला. पण मागे लाईन फार होती."

आता छप्पर उडणार म्हणून मी भिंतीला टेकलो. थोरल्याने घरात जायला पाऊल उचललं. पण मामाजींचा आवाज चढला नाही. दुसऱ्याच कुणाची गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं, "केवढी होती लाईन?"

धाकट्याने मान खाली घातली होती. त्याने हात लांब केला. "इथून... इथून आपल्या फाटकापर्यंत असेल."

मामाजींनी फाटकाकडे पाहिलं. मग नवा चाकू डब्यात ठेवला, डबा सतरंजीवर ठेवला, गुडघ्याला हात देऊन उठले आणि ओसरीच्या पायऱ्या उतरले. चपला घातल्या नाहीत. अंगणातून, तुळशीच्या बाजूने, थोरल्याच्या ट्रॅक्टरला वळसा घालून ते सावकाश चालत गेले. फाटकाला हात लावला. तिथून आमच्याकडे वळून एकदा पाहिलं आणि तसेच सावकाश परत आले. 

पायरीशी येऊन ते थांबले. दम लागला होता. दम खाली बसेपर्यंत ते धाकट्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"एवढीच?" ते म्हणाले.